आजचं चिंतन: पगार वेळेवर देतोस ना?

वाचन: वाल्मीकी रामायण, अयोध्याकांड, सर्ग 100
सोबत: महाभारत, सभापर्व, अध्याय 5, भगवद्गीता 2.47, 3.12 आणि 3.13



गेले काही दिवस आपण अयोध्याकांड वाचतोय. आजचा सर्ग बरेच जण भराभर वाचून पुढे जातात, कारण त्यात गोष्ट पुढे सरकत नाही. सगळा सर्ग म्हणजे प्रश्नांची यादी. राम विचारतोय आणि भरत ऐकतोय, एवढंच. पण या यादीत एक प्रश्न असा आहे की तो आजही महिन्याच्या एक तारखेला आपल्या प्रत्येकाच्या दारात येऊन उभा राहतो. आज फक्त त्या एका प्रश्नापाशी थांबूया.

प्रसंग

भरत चित्रकूटला पोहोचलाय. डोक्यावर जटा, अंगावर वल्कलं, शरीर वाळलेलं. रामाला बघताच तो पायाशी कोसळतो. राम त्याला उठवतो, पोटाशी धरतो, मांडीवर बसवतो. दशरथ गेल्याची बातमी रामाला अजून कळलेली नाही. वडील कसे आहेत, तू वनात कसा काय आलास, असं विचारता विचारता तो राज्याची चौकशी करू लागतो. मंत्री कसे निवडलेस? सल्ला कुणाचा घेतोस? खजिन्याचं काय? शेतकरी, गुराखी सुखात आहेत ना? न्याय करताना पैसेवाल्याची बाजू तर घेतली जात नाही ना?

आणि याच ओघात तो विचारतो (माझ्या शब्दांत सांगतो): सैन्यातल्या माणसांना त्यांचं अन्न आणि त्यांचं वेतन, जेवढं योग्य तेवढं, ज्या वेळी द्यायचं त्याच वेळी देतोस ना? उशीर तर करत नाहीस ना?

लगेच कारणही सांगतो. अन्न आणि वेतन देण्याची वेळ टळली की पोटावर काम करणारी माणसं मालकावर रागावतात, बिघडतात, आणि त्यातून फार मोठा अनर्थ होतो.

आता हे विचारणारा कोण आहे बघा. स्वतःचं राज्य गेलंय. राहायला पर्णकुटी आहे, खायला कंदमुळं. ज्यांच्या पगाराची तो काळजी करतोय त्यातला एकही माणूस आता त्याच्या हाताखाली नाही. तरी भावाला भेटल्यावर त्याला जे आठवतं, त्यात लोकांचे पगार आहेत.

प्रश्नातले शब्द

मूळ श्लोकात अन्नासाठी जो शब्द आलाय तो आहे 'भक्त'. हो, आपण स्वतःला लावतो तोच. संस्कृतात भज् धातूचा एक अर्थ वाटून देणं, वाटा घेणं असा आहे. त्यातून भक्त म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, आणि त्यातूनच आपला रोजचा 'भात' आला. 'भाग' हा शब्दही याच धातूचा. देवाचा भक्त म्हणजे देवात वाटा असलेला, देवाशी जोडलेला. एकाच धातूतून एकीकडे देवाची भक्ती आली आणि दुसरीकडे कामगाराच्या ताटातला भात. दुसऱ्याचा वाटा अडवून ठेवून मी भक्त कसा राहीन, हा विचार मला या शब्दानेच करायला लावला.

दुसरा शब्द वेतन. ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला.

तिसरी गोष्ट 'योग्य तेवढं'. म्हणजे नुसतं काहीतरी हातावर टेकवलं की झालं, असं नाही. कामाच्या मानाने हवं.

आणि चौथी गोष्ट वेळ. रामाने सगळ्यात जास्त भर यावर दिलाय. रक्कम पूर्ण दिली पण उशिरा दिली, तर त्याच्या लेखी काम अर्धवटच झालं.

शेवटी आणखी एक. वेळ चुकली की नोकर बिघडतात, असं राम म्हणतो. पण हे तो नोकरांना सुनावत नाही, मालकाला सांगतोय. माणसं चिडली, कामचुकार झाली, निघून गेली, तर आधी स्वतःची वही बघ. आपण नेमकं उलटं करतो. 'हल्ली माणसं टिकतच नाहीत' असं म्हणून मोकळे होतो.

'पण हे तर सैन्याबद्दल आहे ना?'

शंका बरोबर आहे. श्लोकात सैन्याचाच उल्लेख आहे. पण राम जे कारण देतो ते फक्त शिपायाला लागू होणारं नाही. दुसऱ्याने दिलेल्या मोबदल्यावर ज्याचं घर चालतं, त्या प्रत्येकाला ते लागू आहे.

शिवाय जवळजवळ हाच प्रश्न महाभारतातही आहे. सभापर्वात नारद मुनी युधिष्ठिराच्या नव्या सभेत येतात आणि अशीच लांबलचक चौकशी करतात. सैन्याचं अन्न-वेतन वेळेवर देतोस ना, अडकवून ठेवत नाहीस ना, हे तिथेही आहे. आणि पुढे जाऊन नारद कारागिरांबद्दल विचारतात: सगळ्या कारागिरांना चार महिन्यांच्या हिशेबाने द्रव्य आणि कामाची साधनं नियमित देतोस ना? हा साधनांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर हा विषय कायद्याच्या भाषेत येतो. तिसऱ्या अधिकरणात तो सांगतो की कामगार आणि मालक यांच्यात काय ठरलंय हे शेजारपाजारच्यांना माहीत असावं. म्हणजे उद्या कुणी 'असं ठरलंच नव्हतं' म्हणायला नको. जे बोलून ठरलं ते वेतन मिळावं. काहीच ठरलं नसेल तर शेतात राबणाऱ्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्याला मालाचा दहावा भाग. आणि वेतन दिलं नाही तर मालकाला दंड.

सांगायचा मुद्दा असा की पगार वेळेवर देणं ही काही 'मॉडर्न' कल्पना नाही. आपल्या ग्रंथांनी हा प्रश्न थेट राजाला, तोंडावर विचारलाय.

उशिराची किंमत कोण भरतं?

आपल्याला वाटतं, दहा दिवस इकडे तिकडे, त्यात काय एवढं? जरा हिशेब करूया.

समजा तुमच्या घरी येणाऱ्या ताईंना महिन्याला 8,000 रुपये मिळतात. त्यांचं भाडं 5 तारखेला जातं. तुम्ही पगार देता 15 तारखेला, कारण क्रेडिट कार्डाचं बिल, ट्रिप, ईएमआय. भाडं तर थांबत नाही. ताई 3,000 रुपये शेकडा दहाने उचलतात. महिन्याचं व्याज 300 रुपये. वर्षभर असंच चाललं तर 3,600 रुपये, म्हणजे जवळजवळ निम्मा पगार व्याजात गेला. तुम्ही वर्षाचे बाराही पगार पूर्ण दिले, एक रुपया कापला नाही. तरी त्यांच्या हातात साधारण साडेअकरा पगारच पडले. तो अर्धा पगार तुमच्या उशिराने खाल्ला.

ही गोष्ट मुंबईच्या गिरणी कामगारांना फार आधी कळली होती. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे जोतिराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. त्या सभांतून जे निवेदन तयार झालं त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आणि एक मागणी अशी: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा.

नीट वाचा. पगारवाढ नव्हे. जो कमावलाय तोच पगार, निदान पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत हातात पडावा, एवढं मागण्यासाठी हजारो लोकांना सह्या कराव्या लागल्या. तोपर्यंत घर चालायचं वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर.

रविवारची सुट्टी मिळायला पुढे सहा वर्षं गेली. 10 जून 1890 ला ती जाहीर झाली. रविवार हा खंडोबाचा वार, कामगाराला देवासाठी आणि समाजासाठी एक दिवस मिळावा, हाही विचार त्या मागणीमागे होता असं सांगतात. आज आपण रविवारी निवांत भजनाला जातो, सत्संगाला जातो. त्या रविवारमागे या माणसांचे सहा वर्षांचे कष्ट आहेत, हे आठवायला हवं.

आज कायदा काय म्हणतो? 2019 च्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा. कुणी नोकरी सोडली किंवा कुणाला काढलं, तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब पूर्ण करायचा. रामाचा तो 'योग्य वेळ' हा शब्द आता कायद्यातही तारीख घेऊन उभा आहे.

'पण गीता तर म्हणते, फळाची अपेक्षा नको!'

हा मुद्दा बऱ्याच तरुण भक्तांच्या मनात असतो, आणि खरं सांगायचं तर तो कुणीतरी मुद्दाम घातलेला असतो. स्टायपेंड विचारला की 'शिकायला मिळतंय ना, फळाची चिंता नको'. ओव्हरटाइम विचारला की 'कर्म करत राहा'. गीता 2.47 हा श्लोक ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला आणि खाली तीन महिन्यांचे पगार थकलेले, असंही दिसतं.

तो श्लोक सांगतो काय? कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही. फळ हे तुझ्या कर्माचं कारण होऊ देऊ नकोस. आणि काम न करण्याचीही ओढ नको. हे कृष्ण कुणाला सांगतोय? अर्जुनाला. कशाबद्दल? अर्जुनाच्या स्वतःच्या मनाबद्दल. 'दुसऱ्याच्या कष्टाचं फळ तू ठेवून घे' असं त्यात कुठेच नाही. निष्कामता ही मी माझ्यासाठी करायची साधना आहे. ती मी माझ्याकडे काम करणाऱ्यावर लादली, तर ती साधना राहिली नाही. मग ती सरळ लुबाडणूक झाली.

आणि जरा मागे जाऊन बघा, कुरुक्षेत्रावर सगळे उभे का आहेत? द्यूताची अट ठरलेली होती: बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. पांडवांनी ती पूर्ण केली. काम झालं, मुदत संपली. मग ठरल्याप्रमाणे राज्य परत द्यायची वेळ आली तेव्हा दुर्योधन म्हणाला, सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही. आजच्या भाषेत करार पूर्ण झाला आणि पेमेंट नाकारलं.

तेव्हा कृष्णाने पांडवांना 'जाऊ दे, फळाची अपेक्षा कशाला' असं सांगितलं का? नाही. तो स्वतः हस्तिनापूरला गेला, भर सभेत उभा राहून त्यांचा हक्क मागितला. निदान पाच गावं तरी द्या, इथपर्यंत पांडव खाली आले होते. ज्याने 2.47 सांगितलं, तोच आधी दुसऱ्यांची थकबाकी मागायला गेला होता. म्हणून हक्काचं मागणं आणि फळाची आसक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आसक्तीत मन अडकतं. हक्क मागताना आपण समोरच्याला अधर्मापासून थांबवतो.

तिसरा अध्याय उघडलात तर हे आणखी स्पष्ट होतं. 3.12 मध्ये कृष्ण सांगतो की ज्यांनी दिलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. 3.13 मध्ये म्हणतो की जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. श्लोकात संदर्भ देवांचा आणि यज्ञाचा आहे. पण आपल्या ताटातलं अन्न आपल्यापर्यंत कुणाकुणाच्या हातांनी आलं, याचा विचार केला की यज्ञाचं चक्र किती मोठं आहे ते कळतं. पेरणारा, तोडणारा, वाहणारा, उतरवणारा, डिलिव्हरी देणारा, भांडी घासणारी. या चक्रातला एक जण उपाशी ठेवून आपण नैवेद्य दाखवतो तेव्हा तो नैवेद्य नक्की कुणाचा?

पगार, दान आणि सेवा

या तीन गोष्टी आपण सारख्या एकमेकांत मिसळतो. जरा वेगळ्या करूया.

पगार म्हणजे देणं. तो दिल्याने पुण्य लागत नाही, आपण फक्त कर्जातून मोकळे होतो. दान म्हणजे आपल्या स्वतःच्या वाट्यातून दिलेलं. त्यामुळे ज्याचं देणं बाकी आहे त्याचे पैसे अडवून अन्नदानाची पावती फाडली, तर ते दान माझं नाहीच. त्या माणसाच्या पैशाने, त्याला न विचारता मी केलेलं ते दान.

तसंच दिवाळीचं. घरकाम करणाऱ्या ताईंना दिवाळीला एक पगार जास्तीचा देण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, चांगली आहे. पण वर्षभर न वाढवलेल्या पगाराची भरपाई एका साडीने आणि मिठाईच्या बॉक्सने होत नाही. जुने कपडे, उरलेली भाजी, हेही पगारात मोजायचं नाही.

आणि सेवा? सेवा ही ज्याची त्याने स्वखुशीने करायची. उत्सवात तुम्ही वाढपी म्हणून उभे राहिलात, चपला सांभाळल्यात, ती सेवा. पण मांडव घालणारा, साउंडवाला, आचारी, रात्री मैदान झाडणारा, हे पोटासाठी आलेले असतात. 'देवाचं काम आहे, कमी घ्या' हे त्यांना सांगायचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी आपणहून कमी घेतलं तर तो त्यांचा भाव. आपण घासाघीस करून कमी केलं तर आपल्या उत्सवाचा खर्च आपण त्यांच्या घरावर टाकला.

साधनं आणि जीव

आता नारदांचा तो दुसरा मुद्दा. कारागिरांना साधनं देतोस ना? मोबदला म्हणजे फक्त पैसे नाहीत. काम करताना माणूस सुरक्षित राहील याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे.

वारकरी संप्रदायात याची एक आठवण आपण रोज तुडवत जातो, असं म्हटलं तरी चालेल. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबा गेले कसे? मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू होतं, तिथे ते मजूर म्हणून राबत होते. बांधकाम कोसळलं आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. साल 1338 सांगतात. पुढची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नामदेव तिथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा आवाज आला त्या चोखोबांच्या म्हणून पंढरपूरला घेऊन आले.

आपण अस्थींतल्या नामाची गोष्ट सांगतो आणि रडतो. ती खरीच रडवणारी आहे. पण त्याच गोष्टीत एक ढासळलेली भिंत आहे, आणि तिच्याखाली ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत असे मजूर आहेत. ज्या गावाने चोखोबांना वेशीबाहेर ठेवलं त्याच गावाची भिंत बांधताना ते गेले.

ही भिंत अजून कोसळते आहे. शहरात बांधकामाचा परांचा तुटतो. सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरतो आणि विषारी वायूने गुदमरतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'तो स्वस्तात करतो' म्हणून काम दिलं जातं. तुम्ही त्या मीटिंगमध्ये असाल तर एवढं विचारा: मशीन आणणार आहे का? तेवढा एक प्रश्न म्हणजे त्या दिवसाचं नामस्मरण समजा.

आज काय करायचं?

नुसतं वाचून 'छान' म्हणायचं नाही. यातलं जे आपल्याला लागू आहे ते आजच.

1. तारीख ठरवा. घरी काम करणाऱ्या ताई, मावशी, ड्रायव्हर, पोळ्या करणाऱ्या काकू, गाडी धुणारा मुलगा, सगळ्यांचा पगार एक तारखेला. आपला पगार जमा झाला की पहिले ट्रान्सफर हे. एसआयपी आणि बाकी सगळं नंतर.

2. बोलून ठरवा. काम किती, सुट्ट्या किती, आजारपणात पैसे कापणार का, पगार कधी वाढणार. कौटिल्याने सांगितलेलं आठवा: ठरलेलं दोघांनाही माहीत हवं आणि साक्षीला कुणीतरी हवं. दोन ओळी लिहून दोघांनी ठेवल्या तरी पुरे.

3. आठवड्याला एक सुट्टी. लोखंडेंनी गिरणीत मिळवून दिलेली सुट्टी आपल्या स्वयंपाकघरात पोहोचली आहे का?

4. नोंदणीला मदत करा. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे. अनेक ताईंना हे माहीतच नसतं, किंवा फॉर्म भरायला जमत नाही. आपल्यासाठी ते अर्ध्या तासाचं काम आहे.

5. ऑफिसात बिलं पास करायचं काम तुमच्याकडे असेल तर फाइल तुमच्या टेबलावर पडून राहू देऊ नका. फ्रीलान्स काम करणाऱ्या डिझायनरचं इन्व्हॉइस ही तुमच्यासाठी एक एंट्री असते, त्याच्यासाठी त्या महिन्याचं भाडं.

6. आणि तुम्ही घेणाऱ्याच्या जागी असाल तर? स्टायपेंड थकलाय, पगार अडकलाय, विचारायची लाज वाटतेय? लाजू नका. नम्रपणे, लेखी, तारीख घालून विचारा. एकट्याला भीती वाटत असेल तर चौघे मिळून विचारा. परळला हजारो जणांनी तेच केलं होतं. मागितल्याने भक्ती कमी होत नाही.

भरताचं उत्तर

शेवटी पुन्हा चित्रकूटला जाऊया. रामाने एवढं विचारलं, भरताने त्या वेळी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. मला राजधर्माचं काय, राज्य तुझं आहे, एवढंच म्हणाला आणि वडील गेल्याचं सांगितलं. मग पादुका घेऊन परतला, नंदिग्रामात राहिला, आणि राज्य ही रामाची ठेव आहे असं मानून ते सांभाळलं.

चौदा वर्षांनी राम परत आला तेव्हा भरताने ती ठेव परत केली. खजिना, कोठार, सैन्य सगळं दाखवून म्हणाला, तुझ्या प्रतापाने हे दहापट झालं आहे. मला वाटतं, चित्रकूटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हे होतं. ज्या राज्यात माणसांचं पोट वेळेवर भरतं, तिथे चौदा वर्षं राजा सिंहासनावर नसला तरी सैन्य बिघडत नाही आणि कोठार रिकामं होत नाही.

आपल्या खात्यातही महिन्याच्या शेवटी अशी एक ठेव पडलेली असते. बॅलन्समध्ये ती आपली दिसते, पण त्यातले काही हजार ताईंचे असतात, काही वॉचमनकाकांचे, काही त्या फ्रीलान्सरचे. ती ठेव ज्याची त्याला वेळेवर परत करणं, एवढीच आजची पूजा.

प्रार्थना

हे रामा, माझ्यासाठी जे जे राबतात त्यांचे चेहरे मला दिसू देत. त्यांचं जे आहे ते माझ्या हातात एक दिवसही जास्त राहू नये. माझ्या उशिराचं ओझं कुणाच्या घरावर पडू नये. आणि माझं हक्काचं मागताना मनात द्वेष नसावा, भीतीही नसावी. तू भरताला विचारलंस तसं मलाही दर महिन्याला विचार. उत्तर देताना माझी मान खाली जाऊ देऊ नकोस.

जय जय राम कृष्ण हरी!

उद्याचं वाचन: अयोध्याकांड, सर्ग 101. वडिलांच्या जाण्याची बातमी.